पावर बघून घेतलेलं मशीन

तारीख १२ जून २०२४, बुधवार. रक्कम नऊ हजार पाचशे रुपये, रोख. जागा नंदुरबारमधलं जुन्या कॉम्प्युटरचं एक दुकान. हजर चौघं : मी, दुकानाचे शेठ, बॅटऱ्या उतरवायला आलेले इन्व्हर्टरचे मिस्त्री, आणि फोनवर माझी धाकटी बहीण. मशीन तिच्यासाठी होतं आणि पैसेही तिचे होते.

एवढं नेमकं लिहून ठेवतो, कारण नंतर नातेवाइकांत कुणी म्हणालं शेठने फसवलं, कुणी म्हणालं तिचं नशीब. शेठने फसवलं नाही. त्यांनी तीन मशीन समोर ठेवली, तीन दिवस तपासू दिली आणि सांगितली ती किंमत घेतली. निवड माझी होती.

बहीण तळोद्याला ऑनलाइन सेंटर चालवते. दहा बाय आठचा गाळा, एक टेबल, एक प्रिंटर, भिंतीला लागून बाकडं. जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्तीचे आणि वसतिगृहाचे अर्ज. तिच्याकडे येणारी निम्म्याहून जास्त माणसं डोंगरातली. सकाळी जीपने खाली उतरतात, दहा-साडेदहाला गाळ्यापाशी पोचतात, आणि परतीची शेवटची जीप चारला सुटते. मध्ये बारा ते तीन लाइट नसते. म्हणजे तिचा धंदा उभा आहे तो याच गोष्टीवर, की लाइट नसतानाही कागद पुढे सरकला पाहिजे आणि माणूस काम झालेलं घेऊन चारच्या जीपमध्ये बसला पाहिजे. नाही बसला तर पुढच्या खेपेला तो बसस्टँडजवळच्या दुसऱ्या सेंटरला जातो. मेहुणे सुरतेला कारखान्यात आहेत. त्यांचा पगार तिथली खोली, खानावळ आणि येण्याजाण्यातच बराच जातो. घर चालतं ते गाळ्यावर.

मे महिन्यात तिच्या जुन्या कॉम्प्युटरचा बोर्ड जळाला. तिने मला फोन केला. आम्ही भावंडं अहिराणीत बोलतो.

"भाऊ, तेरा हजार शेतस मन्हाकडे. तू मोजमापना माणूस, तूच घी दे. पण आठे पावरना काही भरोसा नही. पावरनं देखीसन ले."

"तू फिकर नको करू," मी म्हणालो.

मोजमापाचा माणूस, हे खरं आहे. मी मार्केटच्या रस्त्यावरच्या वजनकाट्यावर बसतो, एकोणीस वर्षं झाली. ट्रक भरलेला येतो, वजन घेतो. खाली करून परत येतो, पुन्हा वजन घेतो. भरलेल्यातून रिकामं वजा केलं की माल किती ते निघतं. रिकामा ट्रक जड असला तर मालकाचं डिझेल माल न वाहताच जळतं, हे मी कितीतरी ड्रायव्हरांना सांगितलेलं आहे. कुणी विचारलेलं नसतानाही.

घरीही माझी सवय तीच. दूध मी मापाने घेतो, गॅसच्या सिलिंडरवर बदलल्याची तारीख खडूने लिहितो. दुकानातून मशीन तपासून आलो आणि वही उघडून बसलो तेव्हा बायको म्हणाली, "आते त्याले बी काट्यावर ठेवा. पावती फाडा म्हणजे झालं."

मी हसलो. खरं तर तेच करत होतो.

प्लगमध्ये बसवायचं आणि वॅट दाखवणारं एक छोटं मीटर माझ्याकडे होतं, फ्रिजचं बिल तपासायला मागवलेलं. ते घेऊन मी दुकानात गेलो. शेठ मारवाडी, त्यांच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं, यांनी कॉम्प्युटर सुरू केले. गादीची सवय मात्र गेलेली नाही, काउंटरच्या मागे मांडी घालूनच बसतात. मोठ्या शहरांतल्या ऑफिसांनी काढून टाकलेली मशीन ते गठ्ठ्याने आणतात, पुसतात, विकतात.

तीन मशीन माझ्या बजेटमध्ये बसत होती. पहिलं, दुसऱ्या पिढीचा आय-सेव्हन, मोठं कॅबिनेट, नऊ हजार पाचशे. दुसरं, तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, सात हजार पाचशे. तिसरं, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ज्याच्या नंबरमागे इंग्रजी टी अक्षर होतं, म्हणजे कमी विजेवर चालणारा. ते मशीन जेवणाच्या डब्याएवढं. साडेबारा हजार.

"एवढुशा डब्याचे साडेबारा?" मी विचारलं.

"भाऊ, डबा लहान आहे, आतला माल नवा आहे," शेठ म्हणाले. "पण खरं सांगू, गिऱ्हाईक येतं ते स्टिकर बघून. सात लिहिलेलं असलं की पाचवाल्याकडे बघत नाही. हा घोडा आहे. म्हातारा आहे, पण घोडा आहे."

स्टिकरला भुलणारा मी नव्हतो. सात हा आकडा पाचापेक्षा मोठा असला तरी दुसरी पिढी ही सहावीच्या कितीतरी मागची, हे मला ठाऊक होतं. ते ठाऊक आहे याचा थोडा ताठाही होता. म्हणून मी परीक्षाच घेतली. स्कॅन केलेल्या दोनशे पानांचा एक गठ्ठा पेनड्राइव्हवर नेला आणि तो लहान फाइलमध्ये आवळायला तिन्ही मशीनला लावला. मनगटावरचं घड्याळ लावून. आय-सेव्हनला तीन मिनिटं दहा सेकंद लागले. तिसऱ्या पिढीच्या आय-फाइव्हला चार मिनिटं पाच. डब्याला तीन मिनिटं पस्तीस. प्रत्येक परीक्षा तीनदा केली आणि मधला आकडा धरला.

मग वेग भागिले किंमत. आय-सेव्हन तासाला अशी एकोणीस कामं उरकणार, म्हणजे हजार रुपयांमागे दोन. स्वस्तातला आय-फाइव्ह त्याच्या जवळपास, किंचित खाली. डबा हजार रुपयांमागे दीड कामसुद्धा नाही. म्हातारा घोडा जिंकत होता, आणि तोही माझ्या आकड्यांवर, शेठच्या तोंडावर नाही.

वीज मी सोडली नव्हती, हे मुद्दाम लिहितो. आय-सेव्हन नुसता चालू ठेवला, काहीही काम न देता, तर मीटर बासष्ट वॅट दाखवत होतं. डबा चौदा. अर्ज भरण्यासारखं किरकोळ काम करताना आय-सेव्हन सरासरी पंचाहत्तर, डबा वीस. फरक पंचावन्न वॅट. दिवसाचे आठ तास, महिन्याचे सव्वीस दिवस, गाळ्याचा दर युनिटला दहा रुपये धरला. महिन्याला एकशे चौदा रुपये. डबा तीन हजारांनी महाग, म्हणजे ते तीन हजार वसूल व्हायला सव्वीस महिने. जुन्या मशीनचा सव्वीस महिन्यांचा भरवसा कोण देणार? मी त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

बुधवारी पैसे मोजत होतो तेव्हा मिस्त्री दारातून बॅटऱ्या आत घेत होते. मिस्त्री गावातले जुने, त्यांचे वडील कंदिलाच्या काळात पत्र्याचं काम करत, यांनी इन्व्हर्टर धरले. नंदुरबारपासून तळोद्यापर्यंत कुणाच्या घरी कोणती बॅटरी आहे हे त्यांना तोंडपाठ असतं.

"किसके लिए ले रहे हो साहब?"

"बहीण आहे तळोद्याला. ऑनलाइन सेंटर."

"वो प्रकल्प ऑफिस के रास्ते पे? उनकी बॅटरी तो पुरानी है. मैंनेच लगायी थी." त्यांनी कॅबिनेटकडे पाहिलं. "लाइट गयी तो ये कितनी देर चलेगा, देखा क्या?"

मी वही उघडून दाखवली. "महिन्याला एकशे चौदा रुपयांचा फरक आहे. सगळं काढलंय."

मिस्त्री आकड्यांकडे बघत राहिले. "रुपया नहीं पूछा साहब, घंटा पूछा."

शेठ म्हणाले, "अहो मिस्त्री, तुम्हाला बॅटरी विकायची आहे, सरळ बोला ना." सगळे हसले. मिस्त्रीही हसले आणि दुसरी बॅटरी उचलायला बाहेर गेले. मीही हसलो होतो. बहिणीला फोन लावला आणि सांगितलं की सगळ्यात पावरवालं मशीन घेतलं आहे, तेही साडेनऊमध्ये, साडेतीन हजार परत आणतो. ती खूश झाली. "साडेतीन वाचनात?" तिने दोनदा विचारलं. त्या पैशांतून तिने प्रिंटरची शाई आणि मुलाच्या वह्या घेतल्या.

त्यानंतर महिनाभर तिने तक्रार केली नाही. मी फोनवर विचारायचो, मशीन कसं चालतं? ती म्हणायची, चालस. आमच्याकडे बाई "चालस" म्हणाली तर तिला काही बोलायचं असतं आणि बोलायचं नसतं. हे मला कळायला हवं होतं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात माझी सुट्टी होती. सकाळी तळोद्याला गेलो. सोबत मीटर आणि वही नेली. महिन्याभराचे युनिट बघायचे होते, माझा एकशे चौदाचा हिशेब बरोबर आला का ते.

गाळ्यात पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. लाइट गेलेली. पावसाने उघडीप दिलेली आणि असा उकाडा की बाकड्यावरची माणसं कागदांनी वारा घेत होती. डोक्यावर पंखा होता आणि बंद होता. बहिणीचा पदर मानेपाशी ओला झालेला.

"पंखा काबर बंद शे?"

"पंखा लावा ते सव्वा वाजताच मशीन बंद पडस. नही लावा ते दोन वाजेलोंग चालस." ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. "दीड महिना व्हयना, बिनपंख्यानं बशी ऱ्हायनी."

टेबलाच्या पलीकडे वर डोंगरातल्या काठी गावाकडचा एक माणूस बसला होता आणि शेजारी त्याची मुलगी, दहावी झालेली. मुलीच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत दाखले. वसतिगृहाचा अर्ज होता आणि त्याच दिवशी संध्याकाळी सहाला मुदत संपत होती. आधी का आले नाहीत, असं कुणाला वाटेल. उत्पन्नाचा दाखला त्यांना आदल्याच दिवशी मिळाला होता. वसतिगृहात जागा लागली तर मुलगी अकरावीला तळोद्यात राहणार होती. नाही लागली तर काठीहून रोज येणं शक्य नाही.

वेबसाइट हळू होती. पान उघडायला दोन मिनिटं, दाखला चढवायला चार. बहिणीच्या पुढे आधीचे तीन अर्ज झाले आणि दीडनंतर यांचा सुरू झाला. मी बाजूला बसून बघत होतो, आणि बघता बघता एक गोष्ट लक्षात आली. मशीन काही करतच नव्हतं. स्क्रीनवर ते गोल फिरणारं चक्र, बहिणीचे हात मांडीवर, सगळे वाट बघत. माझी दोनशे पानं आवळणारा घोडा तिथे नुसता उभा होता आणि उभ्या उभ्या बासष्ट वॅट खात होता. रिकामा ट्रक. त्याचं रिकामं वजन मी माझ्या हाताने वहीत लिहिलेलं होतं.

मी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. बॅटरी जुनी, दोन तासांत संपते. मशीन पंचाहत्तर, स्क्रीन वीस, बल्ब आणि वायफायचा डबा मिळून वीस. एकशे पंधरा वॅट, दोन तास. म्हणजे बॅटरीत होतं एकूण दोनशे तीस. शेठकडचा तो जेवणाच्या डब्याएवढा डबा असता तर साठ वॅट. दोनशे तीस भागिले साठ. पावणेचार तास. बारापासून पावणेचारपर्यंत. तीनला लाइट येवो न येवो.

एवढं लिहून होईतो इन्व्हर्टरने शिट्टी वाजवली. स्क्रीन काळा झाला. दोन वाजून तीन मिनिटं.

"किती राहिलं, ताई?" त्या माणसाने विचारलं.

"एकच दाखला. पाच मिनिटं," बहीण म्हणाली. "तीनला लाइट येते, दादा. बसा."

तीनला लाइट आली नाही. साडेतीनला आली नाही. दाखले कॉम्प्युटरमध्ये अडकलेले, अर्ज अर्धा. बहिणीने दुसऱ्या सेंटरला फोन लावला, तिथे तीस माणसं रांगेत होती. पावणेचारला जीपवाला स्वतः येऊन उभा राहिला. त्या माणसाला थांबणं शक्य नव्हतं, घरी लहान मुलं आणि गुरं होती. बहिणीने त्याचा मोबाइल नंबर पुन्हा एकदा विचारून घेतला. "तुम्ही जा. लाइट आली की मी भरते. तुमच्या फोनवर नंबर येईल, तो मला लगेच सांगा."

त्याने मान हलवली. मुलीने पिशवी टेबलावर ठेवली, मग परत उचलली, मग पुन्हा ठेवली.

लाइट चार वाजून वीस मिनिटांनी आली. बहिणीने साइट उघडली. साइटने पुन्हा ओटीपी मागितला आणि तो त्या माणसाच्या फोनवर गेला. जीप तोवर घाटात, जिथे रेंज नाही. तिने फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मग मी माझ्या फोनवरून लावला, जणू माझ्या फोनला वेगळा डोंगर लागणार होता. सहापर्यंत आम्ही दोघांनी मिळून बावीसदा लावला. ते मी मोजले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मग तिने फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मी तुले पावरनं सांगं व्हतं, भाऊ."

"सांगं व्हतं ना. म्हनीसन तर सगळ्यात पावरवाला घिदा."

तिने माझ्याकडे पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं.

"मी लाइटनं सांगं व्हतं," ती म्हणाली.

आमच्याकडे लाइट गेली की म्हातारी माणसंसुद्धा म्हणतात, पावर गयी. मी लहानपणापासून तेच म्हणत आलो. शेठच्या दुकानात उभा राहिल्यावर मात्र त्याच शब्दाचा अर्थ माझ्या डोक्यात वेग असा झाला, आणि बहिणीचं वाक्य मी शेठच्या भाषेत ऐकलं. तिने पहिल्याच फोनवर पूर्ण आणि बरोबर सांगितलं होतं. मिस्त्रींनीही सांगितलं होतं. दोघांपैकी कुणाकडे वही नव्हती.

"तू वॅट मोजात," ती उठता उठता म्हणाली, "मन्हा टाइम कोणी मोजा?"

मी म्हणालो, मशीन बदलून आणतो, वरचे पैसे मी देतो. ती म्हणाली, देखू. आमच्याकडे "देखू" म्हणजे नाही.

आठवड्याने तो माणूस खाली आला, बहिणीने मला नंतर सांगितलं. भांडला नाही. त्याला रेंज मिळाली होती, पण दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तेव्हा त्या नंबराचा उपयोग नव्हता. त्याने दाखल्यांची पिशवी परत मागितली. मुलगी यंदा घरी, असं म्हणाला. त्याच्या पाड्यावरची आणखी चार माणसं त्या दिवशी जीपमध्ये होती. ती गाळ्यासमोरून पुढे गेली, बसस्टँडकडे.

माझ्याकडे मोजमापाची आणखी एक वही होऊ शकेल. त्यात लिहिता येईल की लाइट वेळेवर आली असती तर, साइट नीट चालली असती तर, दाखला दोन दिवस आधी मिळाला असता तर. हे सगळं खरं आहे. पण त्या तिन्ही गोष्टी तशाच असणार हे तळोद्यात कुणालाही माहीत होतं. म्हणूनच तर तिने आधी फोनवर ते वाक्य उच्चारलं होतं. मशीन एवढी एकच गोष्ट आमच्या हातात होती आणि ती तिने माझ्या हातात दिली होती.

ऑगस्टमध्ये राखीला ती आली. मी ताटात पाकीट ठेवलं, आठ हजार आणि वर पाचशे एक घातलेले. तिने पाकीट उघडलं, दरवर्षीचे पाचशे एक काढून घेतले आणि उरलेलं माझ्या खिशात परत घातलं. बायको आत पुरणाला चटका देत होती, तिला काही कळलं नाही. बहीण सहज आवाजात म्हणाली, "मशीन बदलाई लिधं, भाऊ. गया सोमवारले." मला न विचारता, मला न घेता. मिस्त्रींना सोबत घेऊन ती शेठकडे गेली होती आणि तो डबा घेऊन आली होती. आता पंखाही चालतो का, असं मी विचारणार होतो. विचारलं नाही. पंख्यासकट डबा किती वेळ टिकेल ते मला काढता येत होतं : साठ अधिक पंख्याचे साठ, एकशे वीस वॅट, एक तास पंचावन्न मिनिटं. म्हणजे पंखा अजून बंदच.

शेवटी दिलं गेलं ते असं. शेठने आय-सेव्हन पाच हजारांत परत घेतला. डब्याची किंमत तोवर तेरा हजार झाली होती. वरचे आठ हजार बहिणीने शेठना दिले, चार बचत गटाचे आणि चार मेहुण्यांनी पाठवलेले. मिस्त्रींनी बॅटरीत पाणी भरलं, तारा घट्ट केल्या आणि काही घेतलं नाही. काठीच्या त्या माणसाला ती पिशवी परत करताना तिने दोघांचं जीपचं भाडं दिलं, त्या वाया गेलेल्या खेपेचं, जाऊन येऊन चारशे ऐंशी. त्याने ते घेतलं. माझ्याकडून कुणीच काही घेतलं नाही.